बेस न्हाई

"होल्डाऽऽन!"

सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं. अनगोळातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्याने करकचून ब्रेक मारला. समोरच्या काकूंनी रांगोळीची चिमूट हवेतच धरून ठेवली. आमचे हे न्हाणीघरात गालावर वस्तरा टेकवून जागच्या जागी पुतळा झाले. फक्त जिला थांबायला सांगितलं होतं, ती माझी मुलगी तनू तेवढी थांबली नाही. ती धावत आली ती सरळ माझ्या तुळशीच्या कुंडीवर आदळली.

"होल्डान म्हटल्यावर थांबायचं असतंय का न्हाई?" भरमाप्पा ओरडले.

"ब्रेक लागले न्हाईत, आप्पा," तनू मातीत बसून म्हणाली.

"मग कुंडीला कशाला ठोकलीस? माणसाला ठोकायचं न्हाई, झाडाला ठोकायचं न्हाई. डेपोत लिवून द्यावं लागतंय!"

तुळस माझी, कुंडी माझी, मुलगी माझी. आणि लिहून द्यायचं म्हणे डेपोत.

भरमाप्पा आमचे शेजारी. जन्मभर बेळगाव-निपाणी गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ती गाडी काही त्यांच्या घशातून उतरलेली नाही. त्यांनी "होल्डान" म्हटलं की गल्ली थांबते आणि "राईट" म्हटलं की सुटते. लग्नाच्या पंगतीत ते "मुंद होग्री, मुंद होग्री, मागच्यांना जागा करा!" असं इतक्या अधिकाराने सांगतात, की अर्धं जेवलेली माणसं ताट उचलून पुढे सरकतात. एका लग्नात मंगलाष्टकं फारच लांबली, तेव्हा कंटाळून भरमाप्पांनी मागून "राईट!" अशी आरोळी ठोकली आणि शेवटचं 'सावधान' व्हायच्या आत नवरीने हार घालून टाकला. संसार उत्तम चाललाय म्हणतात. वेळेवर सुटलेली गाडी.

हे सगळं मी सहन करत आले होते. पण तनूच्या शाळेत बेसबॉल आला आणि माझ्या सहनशक्तीचा टायर पंक्चर झाला.

झालं असं. तनू आठवीत. एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, आमच्या शाळेची मुलींची बेसबॉलची टीम होणार आहे. पंधरा दिवसांनी निवड. मला जायचंय."

मी भाकरी थापत होते. आमच्या घराण्यात आजवर कुणी खेळलं असेल तर ते पत्ते. तनूने आयुष्यात धावून पकडलेली एकच गोष्ट म्हणजे रिक्षा, तीही थांबलेली. खो-खोतून तिला दुसऱ्या दिवशी काढलं होतं आणि कबड्डीत घेतलंच नव्हतं. मी काही बोलणार तोच तिचे डोळे भरले. "ह्या वेळी न्हाई घेतलं तर मी परत कधी खेळाचं नाव घेणार न्हाई बघ. सगळ्या हसतात मला."

तेवढ्यात मधल्या भिंतीवरून एक पांढरी टोपी वर आली. टोपीखाली भरमाप्पा.

"बेसबॉल व्हय? लई सोप्पाय की."

"आप्पा, तुम्ही कधी बघितलाय हा खेळ?" मी विचारलं.

"बघायला कशाला पायजे? नावातच लिवलंय की गं. बेस बॉल! बेस आला तर हाणायचा. बेस न्हाई आला तर सोडून द्यायचा. आला बॉल की घाल बॅट, असं करायचं न्हाई. येईल त्या गाडीत चढतो व्हय आपण?"

मी पिठाच्या हाताने मोबाईल उघडला आणि त्यांना समजावलं, की आप्पा, हा तुमचा 'झकास'मधला बेस नव्हे. बेस म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यांत थांबायच्या जागा. चेंडू मारून पहिल्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर पळत जायचं आणि फिरून घरी यायचं. घरी पोचलं की एक धाव.

आप्पांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं भिंतीमागे कुणीतरी बल्ब लावला.

"म्हंजे स्टॉप! मग आदी सांगायचं न्हाईस व्हय?"

त्यांनी पहिला अर्थ सोडला नाहीच. दुसराही ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत बेळगाव-निपाणी मार्ग सुरू झाला. पहिला बेस काकती, म्हणजे आप्पांची उशी. दुसरा संकेश्वर, म्हणजे फुटकी परात. तिसरा निपाणी. त्यासाठी त्यांनी खास निपाणीहून तंबाखूचं रिकामं पोतं आणून त्यात पेंढा भरला होता. आणि फिरून पोचायचं ते बेळगाव, म्हणजे माझ्या दारातलं 'सुस्वागतम्' लिहिलेलं पायपुसणं. म्हणून त्या सकाळी दाराशेजारच्या तुळशीच्या कुंडीला धडक.

त्या पोत्याला असा वास, की तिसऱ्या बेसवर पाय ठेवला की तनूला ओळीने सात शिंका. एकदा मांजर त्यावर झोपलं, ते दोन दिवस झिंगल्यासारखं चालत होतं. मी म्हटलं, "आप्पा, निपाणी तेवढी बदला."

"नगं. तेच बरं हाय," ते म्हणाले. "निपाणीला वस्ती करायचीच न्हाई."

वस्तीची गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात जाऊन मुक्काम करते ती. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपणार आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत निघणार. आप्पांनी अर्धी नोकरी निपाणीच्या वस्तीवर काढलेली. ते तनूला समोर उभी करून सांगत, "तिसऱ्यावर पोचलं की लई जण तितंच वस्ती करत्यात. हाय तितं बरं वाटतंय माणसाला. तू करायची न्हाईस. काय?"

ह्या 'काय'ला तनूने 'राईट' म्हणायचं, असा नियम होता.

बॅट म्हणून आप्पांच्या घरातलं मुसळ. खालची लोखंडी वसवी काढलेली, पण वजन असं की बॅट फिरवली की तनूच बॅटीभोवती फिरायची. हातमोजा मोडीत निघालेल्या गाडीच्या सीटच्या रेक्झिनचा, चांभाराकडून शिवून आणलेला. "खिडकीकडची सीट हाय," आप्पा अभिमानाने सांगत. चेंडू टाकायला आमचे हे. ह्यांनी टाकलेला चेंडू एकदा पाण्याच्या टाकीत पडला, एकदा काकूंच्या पोह्यांत. एकदा तर असा उडाला की अजून खाली आलेला नाही.

प्रत्येक चेंडूला आप्पा विचारत, "बेस?" आणि तनूने चेंडू येता येता ओरडायचं, "बेस!" नाहीतर "बेस न्हाई!" बेस असला तर मुसळ, नसला तर हात जागेवर. आठवड्यात हे गल्लीभर पसरलं. भाजीवालीची वांगी बघून काकू म्हणायच्या, "बेस न्हाई." एका दुपारी ह्यांनी माझी आमटी चाखली आणि मान हलवून म्हणाले, "बेस न्हाई." दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मी फुटले, पण आप्पांवर. "बास झालं, आप्पा! खेळ काय, नियम काय, तुम्हाला काही ठाऊक नाही. पोरीचं शाळेत हसं होणार. मुसळ घेऊन कुठं बेसबॉल खेळतात?"

मला वाटलं, आता गल्ली हादरणार. पण आप्पांनी मुसळ भिंतीला टेकवलं.

"निवडीच्या दिवशी तू येणार हाईस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बघते. कचेरीत तपासणी आहे. रजा मिळाली तर..."

"बघायचं न्हाई. रजा टाक."

हे मात्र ते ओरडले नाहीत. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. दचकून मी रजा टाकली.

निवडीच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून शाळेच्या कंपाउंडाबाहेर हजर. पीटीचे सर धारवाडकडचे. त्यांनी मुलींच्या दोन टोळ्या करून सामना लावला होता. सकाळपासून पोरी दिसेल त्या चेंडूवर बॅट फिरवत होत्या आणि बाद होत होत्या. तनूची पाळी आली. मुसळानंतर खरी बॅट तिच्या हातात लाटण्यासारखी दिसत होती.

पहिला चेंडू डोक्यावरून आला.

"बेस न्हाई!" तनू खणखणीत ओरडली.

सर दचकून मैदानाकडे बघायला लागले. कुणी बेस उचलून नेला की काय! "बेस ऐतल्ल!" ते कन्नडमधून ओरडले आणि मग मराठीत, "हाय की तितं! बेस हाय!"

दुसरा चेंडू पायात. "बेस न्हाई!"

"अगं हाय म्हणतो न्हवं मी!" सर पहिल्या बेसपर्यंत जाऊन त्यावर पाय आपटून आले.

तिसरा बाहेरून गेला, चौथा जमिनीवर टप्पा पडून आला. तनूने दोन्ही सोडले आणि दोन्ही वेळा मैदानाला कळवलं. पोरी फिदीफिदी हसत होत्या. मी पदरात तोंड लपवलं. तेवढ्यात सर वहीत बघून थबकले.

"चार खराब बॉल सोडलं हिनं," ते म्हणाले. "नियमानं पैल्या बेसवर चालत जायाचं. सकाळपासनं ही एकटीच पोरगी बॉल बघून खेळालीय."

भिंतीपलीकडून गर्जना झाली. "काकतीपत्तर फुकट! आमच्या गाडीत बायकांना तिकीटच न्हाई आता!"

मला त्यांच्याकडे बघवेना. पण खरं सांगायचं तर माझ्याही तोंडून "राईट" निसटलं.

पुढच्या मुलीने चेंडू मारला, तनू संकेश्वरला पोचली. तिच्या पुढचीने मारला, तनू निपाणीला. तिसऱ्या बेसवर उभी राहून सवयीने एक शिंकही दिली. मग एकीने चेंडू जेमतेम हलवला. दहा पावलांवर गेला असेल. "थांब, थांब!" सगळ्या मुली ओरडल्या. सरांनीही हात वर केला. तनू दोन पावलं पुढे आली, आणि परत मागे फिरून बेसवर पाय ठेवायला लागली. माझं मूलच ते. हाय तिथं बरं वाटतंय.

तेव्हा आप्पा कंपाउंडाच्या भिंतीवर चढले. सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांचं दुखणं, इस्त्रीचा शर्ट.

"तनू! वस्ती करू नको! घरला ये! घरला ये गं बाईऽ!"

आवाज मधेच फाटला. पंधरा दिवस तो माणूस बेळगाव, बेळगाव म्हणत होता. घर हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

तनू पळाली. अशी पळाली की रिक्षासुद्धा मागे पडली असती. शेवटी गुडघ्यांवर घसरत गेली, धुरळा उडाला, चेंडू आला, काही दिसेना. मग धुरळ्यातून सरांचे दोन आडवे हात दिसले. पोचली होती.

मी वळून बघितलं तर आप्पा भिंतीवर बसून टॉवेलने तोंड पुसत होते. "धुरळा लई हाय," म्हणाले. धुरळा मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होता.

दुपारी फळ्यावर यादी लागली. तनूचं नाव सगळ्यात शेवटी, राखीव म्हणून. तनू हिरमुसायच्या आत आप्पा म्हणाले, "राखीव म्हंजे जादा गाडी. जादा गाडीबी बेळगावलाच जाते की!" आणि तनू हसत सुटली.

संध्याकाळी मी गोड म्हणून वाटीत कुंदा घेऊन त्यांच्याकडे गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या कट्ट्याच्या आत कधी गेले नव्हते. त्यांची बायको, आक्का, जाऊन बराच काळ झाला. मुलगी शोभा हुबळीला, सणावाराला फोन करते. घरात सगळ्यावर धुळीचा थर. फक्त कपाटातला एक छोटा कप लखलखीत, आरशासारखा. मी तो हातात घेतला. पुसून पुसून त्यावरची अक्षरं झिजली होती. 'शोभा' तेवढं वाचता येत होतं. पुढचं सगळं सपाट.

"शोभाचा व्हय, आप्पा?"

"व्हय. शाळेत असताना मिळालेला."

"कुठल्या खेळात?"

आप्पांनी माझ्या हातातून कप घेतला, टॉवेलाच्या टोकाने पुसला आणि नाव पुढे येईल असा परत कपाटात ठेवला.

"ठावं न्हाई," ते म्हणाले. "मी वस्तीला होतो."