पुराचं आग्रहाचं आमंत्रण

तुम्हाला आजवर कुणी पुराचं आमंत्रण दिलं आहे का? इशारा नव्हे, सूचना नव्हे. रीतसर, नावानिशी, सहकुटुंब सहपरिवार आमंत्रण?

आम्हाला मिळतं. ते आमचे दिगूभाऊ देतात, आणि पुराचंच नव्हे, विजेचंही.

"समस्त मंडळींना कळवण्यात आनंद होऊन राहिला की," भोंगा खरखरतो, "आज दुपारी आपल्या गावी विजेचं आगमन हाय. तरी झाडाखाली कोनी उभं राहू नये. आपल्या घरचं कार्य समजून घरातच बसावं. कृपया आहेर आणू नये."

दिगूभाऊ मुळात वांगी-गिलक्याची बाग करणारा माणूस. पण मंडप आणि माईकचा जोडधंदा त्यांच्या अंगात इतका मुरला आहे की बाग कुणाची हे आता वांग्यांनाही आठवत नसेल. हिवरखेडपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत यांच्या पुकाऱ्याशिवाय लग्न लागत नाही. "मुलीचे मामा असतील तिथून मंडपात यावे" हे वाक्य म्हणून म्हणून त्यांना दुसरी भाषाच उरलेली नाही. अकोल्याच्या एका दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या सिस्टरला त्यांनी सुनावलं होतं, "बाई, आकडा पुकारला तं पेशंट येत नसते. नाव घ्या, गाव घ्या, जरा आग्रह करा!" आग्रह हा त्यांचा एकमेव सिद्धांत. "आग्रह केल्याबिगर मानूस दुसरी पुरी घेत नाही, तं घर सोडन का?"

हा सिद्धांत गावाच्या कामी आला तो उपग्रहाच्या रेडिओमुळे.

आमच्या गावाची गंमत अशी, की पाऊस पडतो सातपुड्यात आणि नाला येतो आमच्याकडे. इथे ऊन असतं, बाया वाळवण घालून बसलेल्या असतात, आणि डोंगरातून गढूळ पाणी उड्या मारत येतं. वीज गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की मोबाइल जातो, आणि नेमका तेव्हाच नाला येतो. म्हणून एका संस्थेने ग्रामपंचायतीच्या गच्चीवर छोटी छत्री बसवली आणि खाली एक डबा ठेवला. डबा थेट आकाशातल्या उपग्रहाचं ऐकतो. टॉवर मरू दे, तार तुटू दे, डबा बॅटरीवर बोलतो. डब्याला जोडायला भोंगे हवे होते. गावात भोंगे दिगूभाऊंचे. झालं, डबा त्यांच्या ताब्यात आला.

पहिल्या पावसाळ्यात डब्यातली बाई स्वतःच भोंग्यावर बोलली. आवाज गोड, मराठी धुतल्या तांदळासारखी. "अतिवृष्टीमुळे पाणीपातळीत वाढ संभवते. नागरिकांनी सतर्क राहून सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." गावाने चहा पीत पीत ऐकलं. कुणी बूड हलवलं नाही. कारण सरळ आहे. नागरिक नावाचा माणूस आमच्या गावात राहतच नाही. इथे गजानन राहतो, मंदाबाई राहते. नागरिक हा कागदावर राहणारा प्राणी आहे. सरकार त्याला कायम सतर्क राहायला सांगतं आणि स्वतः निवांत झोपतं. त्या दिवशी कुणाच्या कोंबड्या वाहून गेल्या, कुणाची भांडीकुंडी गेली, आणि कागदावरचा नागरिक मात्र कोरडा राहिला.

मग दिगूभाऊंनी माईक हातात घेतला. शिकवायला आलेला संस्थेचा पोरगेला साहेब घाबरला. "भाऊ, तुम्ही फक्त बटण दाबायचं. बोलायचं नाही."

"साहेब, माईक पुढ्यात अन् तोंड बंद? आमच्या खानदानात असं झालं नाही."

"पण ती बाई सगळं सांगते ना?"

"सांगते. पन लय शुद्ध सांगते. तिले इथलं कोनी ओळखते का? अनोळखी बाईनं बोलावलं अन् मी घर सोडून गेलो, तं माही बायको काय म्हनन?"

साहेबाने माईकची वायर स्वतःच डब्याला जोडून दिली.

पुढे रंगीत तालीम झाली. दिगूभाऊंनी नाल्याकाठच्या एकेका घराला नाव घेऊन शाळेत बोलावलं. "श्रीमान गजाननराव, सौभाग्यवतींसह, म्हशींसह!" गाव आलं. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. एका आजोबांनी फेटा बांधला होता. आल्या आल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, "पंगत कुठं हाय?" तेव्हापासून आमच्याकडे रोज सकाळी भोंग्यावर दिगूभाऊंचं हवामान असतं आणि पुराला खिचडी.

अर्थात, आमंत्रण म्हटलं की रुसवे आले. एकदा सरपंचांचं नाव त्यांच्या विरोधकानंतर पुकारलं गेलं. सरपंच घरातच बसले. "मी दुसऱ्या नंबरचा असंन, तं पान्यालेही आधी त्याच्याच घरी जाऊ द्या." मंदाबाईंचं नाव गडबडीत राहून गेलं, तर त्या पंचायतीसमोर येऊन उभ्या. "कावून रे दिग्या, मी वाहून गेली तं चालते का तुले? मानाचं बोलावनं नाही तं नाही, पन अपमानाचं तं धाडायचं!" दिगूभाऊंनी तिथल्या तिथे माईकवरून जाहीर माफी मागितली आणि त्यांना पुराचं प्रमुख पाहुणेपद दिलं.

एकच घर मात्र त्यांच्या आमंत्रणातून कायम सुटलेलं असे. नाल्याला अगदी लागून असलेलं, त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, पुंडलिकदादांचं.

दिगूभाऊंच्या लेकीच्या लग्नात हे बिनसलं. बाप स्वतःच माईकवर. दादा घरी कपडे करून बसले होते, धाकटा भाऊ अक्षता घेऊन बोलवायला येईल म्हणून. भाऊ आला नाही, भोंगा आला. "मुलीचे मोठे काका असतील तिथून मंडपात यावे!" दादांनी टोपी काढून खुंटीला लावली. "घरच्या मानसाले भोंग्यावरून बोलावते? मी काय बँडवाला हाय?" तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. इतकं बंद, की दिगूभाऊ गावातलं प्रत्येक नाव पुकारत, फक्त हे एक सोडून.

यंदाच्या पावसाळ्यात एका दुपारी डबा पिपाणीसारखा वाजू लागला. आमच्याकडे लख्ख ऊन. डब्यातली बाई सांगत होती की वर डोंगरात अतिवृष्टी झाली आहे. टॉवर गेलेलाच होता. दिगूभाऊंनी माईक घेतला आणि घरामागून घर पुकारायला सुरुवात केली. लोक आले. गाठोडी आली, शेळ्या आल्या, गजाननचा टीव्ही रजईत गुंडाळून आला. शाळा भरली. मी पोरांना आत घेत होतो, तेव्हा भोंग्यावरची नावं संपली. मग पुन्हा दिगूभाऊंचा आवाज आला.

"नाल्याकाठचे एक ज्येष्ठ गृहस्थ... नाव घेत नाही, ज्याचं त्यानं ओळखावं... यांनी सपत्नीक शाळेत येन्याची कृपा करावी."

कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. पुन्हा कुणी नाही. नाल्याचा आवाज आता शाळेपर्यंत येत होता. मंदाबाई, प्रमुख पाहुण्या असूनही, स्वतः पळत दादांच्या घराशी जाऊन आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "येत नाही म्हनते म्हातारा. म्हनते, त्याले सांग, पूर बरा तुह्यापरीस. तो तरी दारापर्यंत येऊन बोलावते."

दिगूभाऊंनी माईक टेबलावर ठेवला. चालू माईक खाली ठेवलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला. तो कर्कश शिट्टी मारत राहिला, तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. खिचडीसाठी काढलेल्या तांदळातून त्यांनी मूठभर तांदूळ उचलला, मंदाबाईंच्या डबीतलं कुंकू त्याला फासलं आणि निघाले. मीही मागे धावलो.

दादांच्या अंगणात गुडघ्याइतकं पाणी होतं. दादा ओट्यावरच्या खाटेवर मांडी घालून बसले होते, धुतलेलं धोतर नेसून. दिगूभाऊ पाण्यात उभे राहिले. त्यांनी मूठ उघडली. तांदळाचा लाल लगदा झाला होता. त्यांनी तोंडही उघडलं, पण त्यातून काही निघेना. हजार वऱ्हाडं हाकणारा माणूस, माईकशिवाय मुका.

"तोंडानं बोल," दादा म्हणाले.

"दादा..." एवढंच आलं. मग एक पाऊल पुढे टाकून, "चाल ना."

आतून वहिनी ओरडल्या, "अवो, आलं ना आता बोलावनं! का खाटेसकट जाता?"

दादा उठले. तो लाल लगदा त्यांनी आपल्या हाताने आपल्याच डोक्याला लावला. खाली उतरताना धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुहा भोंगा रोज सकायी इथं कानात वाजते. एखांद्या दिवशी नाही वाजला, तं मी हिले विचारतो, दिगूले ताप-बिप आला काय पाहून ये."

वहिनींचं गाठोडं दिगूभाऊंनी डोक्यावर घेतलं आणि पुढे चालू लागले. संध्याकाळी ओट्यावर पाणी होतं, खाट नव्हती.

उपग्रहाचा डबा गावोगावी हवा, आणि तो सरकारने द्यायलाच हवा. त्यासाठी मोर्चा काढावा लागला तर मी पुढे असेन. पण डबा आकाशातून फक्त पंचायतीपर्यंत येतो. पंचायतीपासून शेवटच्या दारापर्यंतचं अंतर कुठलाच उपग्रह कापत नाही. तेव्हा एक करा. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, नाल्याला लागून एक घर असेल, ज्या घराशी तुमचं बोलणं नाही. पाऊस यायच्या आधी तिथे जा. फोन करू नका, निरोप धाडू नका. दार वाजवा, आणि चहा घेतल्याशिवाय उठू नका.