दाखवायचा कुत्रा

भोवरा निवाऱ्यात राहिला तर फायदा साहेबांचा होता. तो कोणाच्या घरी गेला तर फायदा एकट्या भोवऱ्याचा. अशा व्यवहारात पारडं कुठे झुकतं हे सांगायला तराजू लागत नाही.

साहेब म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याचे व्यवस्थापक. त्यांना कुत्र्यांचा राग नव्हता आणि लळाही नव्हता. त्यांना हवी होती संस्थेच्या मुख्य कार्यालयातली एक खोली. तिला खिडकी होती, दाराला पडदा होता आणि आसपास कोणी भुंकत नव्हतं. अध्यक्षबाईंनी शब्द दिला होता, "निवारा रिकामा करून दाखवा, खोली तुमची." तेव्हापासून साहेबांना प्रत्येक कुत्र्यात एक खुर्ची दिसू लागली होती.

भोवरा हा तपकिरी रंगाचा, एक कान उभा आणि एक कान पडलेला, वयाने तरुण आणि स्वभावाने त्याहून तरुण असा कुत्रा होता. तो चालत नसे. तो एका जागेवरून नाहीसा होई आणि दुसऱ्या जागी उमटे. त्याला आजवर दोनदा घर मिळालं होतं. पहिल्यांदा एका शिंप्याने नेला. परत आणून सोडताना शिंप्याच्या एका हातात पट्टा होता आणि दुसऱ्या हातात कोणा गिऱ्हाइकाच्या कोटाची उरलेली बाही. दुसऱ्यांदा एका नव्या जोडप्याने नेला. त्या दोघांचं कशावरच पटत नव्हतं. भोवरा आल्यावर पहिल्यांदाच एकमत झालं, की हा नको.

साहेबांना शोध लागला तो अपघातानेच. एकदा एक निवृत्त पतिपत्नी कुत्रा बघायला आले. पहिल्याच पिंजऱ्यात भोवरा होता. माणसं दिसताच त्याने आनंदाने जाळीवर उडी घेतली, पाण्याचं भांडं उलटवलं, उलटलेल्या भांड्यावर उभा राहिला आणि भांड्यासकट फिरू लागला. दोघं दचकून मागे सरकली ती थेट दुसऱ्या पिंजऱ्यापाशी. तिथे ढेऱ्या झोपला होता. ढेऱ्या कधीचा तिथेच झोपलेला होता आणि त्याच्याकडे आजवर कोणी वळूनही पाहिलं नव्हतं. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

"अहो, हा बघा किती गुणी!" बाई विरघळल्या.

ढेऱ्या त्याच दुपारी घरी गेला. जाताना त्याला उचलून न्यावं लागलं.

साहेब विचारात पडले. कापडदुकानदार आधी डोळ्यांना झोंबणारा माल उलगडतो, मग हळूच फिकट रंगाचं काही पुढे सरकवतो, तसलाच हा प्रकार होता. त्यांनी लगेच नियम केला: पहिल्या पिंजऱ्यात भोवरा, दुसऱ्यात जो खपवायचा तो. आणि निवारा भराभर रिकामा होऊ लागला. लंगडा गेला, बहिरा गेला, सगळ्यांकडे पाठ करून बसणारी म्हातारी कुत्रीही गेली. भोवऱ्याच्या शेजारी बसवलं की कोणीही साधुसंत वाटे.

हे ध्यानात आलं ते मावशींच्या. मावशी पिंजरे धुवायच्या, कुत्र्यांना जेवू घालायच्या आणि साहेबांना अधूनमधून खरं बोलून दाखवायच्या. पगार पहिल्या दोन कामांचा होता.

"साहेब, भोवऱ्याला शेवटच्या पिंजऱ्यात नेते. तिथे सावली आहे, जरा गप पडेल."

"नको, नको. आहे तिथे बरा आहे तो."

"कोणाला बरा?"

"मावशी, त्याच्यामुळे बाकीच्यांना घरं मिळतायत. केवढं पुण्य लागतंय त्याला!"

"पुण्य काय चाटायचंय? त्याला घर पाहिजे. तुम्ही त्याला दाखवायला ठेवलाय, द्यायला नाही."

"मी कुठे अडवतोय? द्या की तुम्ही! कोणी घेत असेल तर."

मावशींनी तो शब्द पकडून ठेवला. दुसऱ्या दिवशी माणसं यायच्या आधी त्यांनी भोवऱ्याला मागच्या आवारात नेलं. दमला की आपोआप शहाण्यासारखा बसेल, असा त्यांचा हिशेब. त्या पळाल्या, भोवरा पळाला. त्या थांबल्या, भोवरा पळाला. पाहुणे आले तेव्हा मावशी नळाखाली डोकं धरून बसल्या होत्या आणि भोवरा त्यांची चप्पल तोंडात धरून पुढच्या डावाची वाट बघत होता.

"यांना बरं नाही का?" पाहुण्यांनी विचारलं, आणि दुसऱ्या पिंजऱ्यातला कुत्रा घेऊन गेले.

मग मावशींनी जाहिरात करून पाहिली. एका दुकानदाराला त्या म्हणाल्या, "हा असला ना दादा, की चोर फिरकायचा नाही दुकानात."

दुकानदाराने भोवऱ्याकडे पाहिलं. तो जाळीला चारही पायांनी लटकला होता. "चोराचं सोडा मावशी, गिऱ्हाईक फिरकेल का?"

मावशी हरल्या नाहीत. पण पिंजरे रिकामे होत गेले आणि एका सकाळी सगळ्या ओळीत भोवरा एकटाच उरला. साहेबांनी मात्र आदल्या दिवशीच अध्यक्षबाईंना फोनवर कळवून टाकलं होतं, "शेवटचाही गेला, बाई." यावर बाई इतक्या खूश झाल्या, की म्हणाल्या, "मी स्वतः येऊन बघते. उद्या सकाळीच."

"आता?" मावशींनी विचारलं.

"आता काही नाही. बाई जाईपर्यंत याला लपवायचा. दुपारी गाडी येईल आणि याला गावाबाहेरच्या मोठ्या निवाऱ्यात घेऊन जाईल."

"तिथे शेकड्यांनी कुत्री आहेत, साहेब. तिथे हा कोणाच्या नजरेला तरी पडेल का?"

"मग इथे काय कमी नजरेला पडला?"

मावशी अधिकच पेटल्या. "बाईंना दाखवून बघा. मोठं मन आहे त्यांचं."

"मन मोठं आहे, पण घरात पांढरे पडदे आहेत. आणि मी 'शेवटचाही गेला' म्हणून सांगितलंय, त्याचं काय? पकडा त्याला."

कार्यालयाला लागून एक न्हाणीघर होतं. तिथे साहेबांनी बाईंसमोर घालायचा कडक इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून ठेवला होता. केस लागू नयेत म्हणून अंगात नुसती बनियन ठेवून त्यांनी भोवऱ्याला आत ढकललं, दार ओढलं आणि सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत त्यांना आठवलं, शर्ट आतच राहिला.

आतून पाणी वाहण्याचा आवाज येऊ लागला. भोवऱ्याला नळ सापडला होता.

"हळूच उघडतो," साहेब म्हणाले. "हात जाईल एवढंच."

हात जाईल एवढ्या फटीतून भोवरा बाहेर आला. तोंडात शर्ट. त्याने खोलीला एक फेरी मारली, टेबलावर चढून दुसरी मारली आणि आवारात सुसाट सुटला. मागोमाग साहेब. "शर्ट! अरे शर्ट!" साहेब उजवीकडे गेले की शर्ट डावीकडे जाई. ते थांबले की भोवराही थांबे, शेपूट हलवी आणि शर्टाची बाही त्यांच्यापुढे जमिनीवर घासून दाखवी. साहेबांनी रबरी नळी उचलून पाणी मारून पाहिलं. निम्मं पाणी त्यांच्याच अंगावर आलं. भोवऱ्याच्या आनंदाला सीमा राहिली नाही. आजवर त्याच्याशी कोणी इतकं मन लावून खेळलंच नव्हतं.

शेवटी सवयीने तो पहिल्या पिंजऱ्यात शिरला. "सापडला!" म्हणून साहेब मागोमाग शिरले. पण पिंजरा धुताना कुत्रा शेजारी सरकवायला दोन पिंजऱ्यांच्या मधे एक लहानशी खिडकी होती. भोवरा त्या खिडकीतून शर्टासकट दुसऱ्या पिंजऱ्यात गेला. साहेबांचं डोकं गेलं, खांदे गेले नाहीत. डोकं मागे घेईपर्यंत पिंजऱ्याचं दार मागून बंद झालं आणि बाहेरची कडी आपटून पडली.

"मावशी! उघडा!"

मावशी धावल्या. कडीला हात घातला. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.

मावशींनी फाटकाकडे पाहिलं. पहिल्या पिंजऱ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या पिंजऱ्याकडे पाहिलं, आणि कडीवरचा हात काढून घेतला.

"मावशी, काय करताय? उघडा म्हणतो ना!"

"थांबा जरा साहेब. मांडणी चांगली जमलीय."

अध्यक्षबाई आल्या त्या सगळ्यांसारख्याच ओळीच्या सुरुवातीला थांबल्या. पहिल्या पिंजऱ्यात बनियनवरचा, चिंब भिजलेला, केस उभे राहिलेला एक माणूस दोन्ही हातांनी जाळी गदागदा हलवत ओरडत होता. बाई दचकून दोन पावलं बाजूला झाल्या आणि दुसऱ्या पिंजऱ्यापाशी पोचल्या. तिथे ओल्या शर्टाची घडी अंगाखाली घेऊन, पंजांवर हनुवटी टेकून, जन्मात पहिल्यांदा दमलेला भोवरा पडला होता. त्याने बाईंकडे पाहिलं आणि शेपटीचं टोक एकदाच हलवलं.

"अगं, किती समजूतदार आहे हा!" बाई खाली वाकल्या. मग त्यांनी मान वळवून पाहिलं. "आणि... तुम्ही?"

"बाई, तो भयंकर आहे!" साहेब ओरडले.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कोण म्हणालात?"

"कुत्रा, बाई," साहेबांचा आवाज खाली आला. "पण फोनवर तुम्ही शेवटचा गेला म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. आता साहेबांना खोलीचा पडदा डोळ्यांसमोरून सरकताना दिसला.

"गेलाच होता की, बाई," मावशी पुढे झाल्या. "साहेबांनी तो तुमच्या नावावर धरला होता. सगळ्यांत गुणी कुत्रा बाईंच्या घरी, असं त्यांच्या मनात पहिल्यापासून. म्हणून कोणालाच दिला नाही. तुम्ही यायच्या आधी आंघोळ घालत होते स्वतःच्या हातांनी. हो ना, साहेब?"

साहेबांनी मावशींकडे पाहिलं. नाही म्हटलं तर खोटं उघडं पडत होतं. हो म्हटलं तर पांढरे पडदे.

"हो," पिंजऱ्यातून आवाज आला.

बाईंनी साहेबांकडे कौतुकाने पाहिलं. "एवढं कोण करतं हो हल्ली? मावशी, काढा यांना बाहेर. सोमवारपासून तुम्ही मुख्य कार्यालयात. कार्यालय माझ्या बंगल्यातच आहे ना, खालच्या मजल्यावर. पण याला रोज फिरवायचं म्हणजे... माझे गुडघे..."

"साहेब आहेत ना!" मावशी म्हणाल्या. "त्यांच्याइतकं त्याच्यामागे कोणीच पळत नाही."

आता हिशेब. बाईंना कुत्रा मिळाला; पडदे त्यांनी स्वतःहूनच काढून ठेवले, म्हणून तो तोटा धरता येत नाही. भोवऱ्याला घर मिळालं, अंगण मिळालं आणि मन लावून खेळणारा गडीही मिळाला. निवाऱ्यात नवी कुत्री येतात आणि मावशी त्यांना मिळेल त्या पिंजऱ्यात ठेवतात. ती जरा सावकाश खपतात, एवढंच. साहेबांना खोली मिळाली, खिडकी मिळाली, पडदासुद्धा मिळाला, पण त्या खोलीत त्यांना अजून सलग बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. मध्यंतरी ते निवाऱ्याच्या फाटकाशी धापा टाकत आले होते. "मावशी, परत घेता का हो त्याला?"

"बाईंचा कुत्रा, साहेब. मी कोण परत घेणारी?" मावशी म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याला सोडून आलात?"

"सोडून कुठला," साहेब म्हणाले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. एक कान उभा आणि एक कान पडलेला असा तो रस्त्याच्या वळणावर उमटला होता. साहेब पुढे पळाले. किंमत कोणी मोजली असं विचाराल तर ती एकाच माणसाने मोजली, आणि तो अजून हप्ते भरतोच आहे, रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, पळत पळत.