व्हरांड्यातल्या रामटेके बाई

रामटेके बाईंच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर मुलींना आधी वेण्या सोडाव्या लागत. दाराशी बाई स्वतः उभ्या. "पिना काढ वं. साऱ्या काढ. सोनं चालते, लोखंड नाही चालत." पिना बाहेरच्या बशीत पडत आणि केस बांधायला बाई सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली सुती फीत देत. एकदा प्राचार्य पाहणीला आले. बक्कल लोखंडी म्हणून बाईंनी त्यांचा पट्टाच उतरवून घेतला. सरांनी एका हाताने पँट सावरत पाहणी उरकली आणि पुन्हा कधी तिकडे फिरकले नाहीत.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. माझी खोली बाईंच्या समोर, मध्ये व्हरांडा. बाई वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. तरुणपणी त्यांनी परदेशात अणुविखंडनावर काम केलं होतं. युरेनियमचा अणू फुटला की कोणते धातू निघतात, ते वेगळे करून ओळखायचे. "तांदूळ निवडतो ना, तसंच," त्या म्हणत. "फक्त खडे दिसत नाहीत."

परतल्यावर इथे अणू फोडायची सोय कुठली? मग त्यांनी त्याच धातूंपैकी काही हाताशी धरले आणि चुंबक त्यांना किती ओढतो ते मोजायला घेतलं. नळीत धातूचा क्षार भरायचा, नळी नाजूक तराजूला टांगून चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडायची, वजन किती बदललं ते बघायचं. फरक अगदी बारीक. म्हणून पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. रविवारीही बाई आतच असत. क्वार्टरवर वाट बघणारं कुणी नव्हतं.

एका पावसाळ्यात व्हरायटी चौकात बसमधून उतरताना बाई पडल्या. मांडीचं हाड मोडलं, आत स्टीलचा रॉड घालावा लागला. काही महिन्यांनी कुबडी टेकत कॉलेजात आल्या, प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"चला ना बाई," मी म्हणालो.

"कशी येऊ गा? माह्या मांडीत लोखंड आहे."

"अहो, डॉक्टर म्हणाले ना, त्या स्टीलला चुंबक फारसा ओढत नाही."

"फारसा म्हणजे किती?"

मी म्हटलं, नियम तुमचाच आहे, तुम्हीच मोडा. बाई भडकल्या. "पोरींच्या वेण्या सोडवल्या म्या. आता मले सूट काहून?"

त्या दिवसापासून व्हरांड्यात एक बाक आला. बाई बाकावर, मुली आत. मोजून झालं की दार किलकिलं करून मुली आतून आकडे सांगत आणि बाई बाहेरून ओरडत, "पुन्हा घे! श्वास धरून घे!" आपल्या हातांनी जमवलेला तो तराजू बाईंना आता दिसतही नव्हता. सुरुवातीला त्या फार चिडचिड्या झाल्या होत्या. मला बघवत नसे.

मग हळूहळू बाकाला सोबत मिळू लागली. शिपाई तंबाखू मळत टेकू लागला. कुणाची आई कोथिंबीर भरलेली सांबारवडी पाठवू लागली. एका मुलीने आपल्याला बघायला आलेल्या मुलाची हकीकत बाईंना सांगितली, आणि बाईंनी त्याच्या पगाराऐवजी त्याच्या हसण्याबद्दलच विचारलं. वर्गात ज्यांच्याशी कुणी डोळे वर करून बोलत नसे, त्या बाईंचं हसणं माझ्या खोलीत ऐकू येऊ लागलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, हाड पक्कं जुळलंय, रॉड काढून टाकू. ही बातमी मला शिपायाने दिली. मी आनंदाने व्हरांड्यात धावलो.

"बाई, झालं! आता आत जाता येईल. दिवाळीच्या सुट्टीतच ऑपरेशन करून घ्या."

बाईंनी किलकिल्या दाराकडे पाहिलं.

"कशाले घाई करून राहिला गा?" त्या हलकेच म्हणाल्या. "रॉड काही टोचत नाही."

तेवढ्यात डबा घेतलेली एक मुलगी जिना चढून आली. "बाई, जेवण झालं?"

"तुह्यासाठीच थांबली होती वं," बाई म्हणाल्या आणि कुबडी उचलून पलीकडे ठेवत बाकावर सरकल्या.