दुलईचा वास

"दुलई धुतलीस तू?" बबडीच्या आईने विचारलं, तेव्हा बाबांना वाटलं, आता कौतुक होणार.

"नुसती धुतली नाही. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घातलं! कपडा मऊ होतो, साबण राहत नाही, वासबीस सगळा जातो. हात लावून तर बघ!"

"वास गेला?" ती मटकन खालीच बसली.

ती नर्स. कालची रात्रपाळी डोळ्यांत होती आणि आज संध्याकाळी पुन्हा हजर व्हायचं होतं. दुपारी बबडी झोपली तरच हिला झोप, आणि बबडी झोपायची ती दुलईचा कोपरा नाकाशी धरूनच. आता त्या चार वर्षांच्या बयेने कोपरा हुंगला, "ही माझी नाही" म्हणाली आणि भोकाड पसरलं.

बाबा इमारतींचे नकाशे काढणारे. त्यांनी हेही पद्धतशीर घ्यायचं ठरवलं. "मूळ वासात काय काय होतं?"

"माझी पावडर," आई जांभई देत म्हणाली.

"माझा बाम," आजोबा कॉटवरून अभिमानाने म्हणाले.

"आणि तुझ्या डोक्याचं तेल," आईने बाबांकडे बोट दाखवलं.

पावडर शिंपडली, बाम चोळला, बाबांनी डोकंही घासलं. बबडीने हुंगलं. "नाही!"

"अरे, वास असा वरून फासून येतो होय? मुरावा लागतो. आण इकडे." आजोबा दुलई पांघरून आडवे झाले. ती खरंच सायीसारखी मऊ झाली होती. "पाचच मिनिटं," असं काहीसं पुटपुटत ते घोरू लागले.

"जरा सरका, माझाही मुरू दे," म्हणत बाबा शेजारी टेकले. पडद्यातून पिवळं, सुस्त ऊन येत होतं. पंखा कुठेतरी लांब फिरत असल्यासारखा वाटला, आणि मग वाटेनासा झाला.

"संध्याकाळी ड्यूटी माझी, आणि तुम्ही दोघं..." आईने रागाने दुलई ओढली. ती गालाला लागली. "अगं बाई, किती मऊ..." पुढचं वाक्य तिने झोपेतच पुरं केलं असावं.

ऐकायला कोणी उरलं नाही म्हटल्यावर बबडीने रडणं आवरलं. हळूच कोपरा हुंगला. पावडर, बाम, तेल, आई. हीच! पण आत शिरायला बोटभर जागा नव्हती. तिने उसासा टाकला आणि तिघांचे उघडे पाय नीट झाकले.

तेवढ्यात कुरिअरवाल्याने बेल वाजवली. बबडी धावत जाळीच्या दाराशी गेली आणि ओठांवर बोट ठेवून दटावत म्हणाली,

"हळू हो काका! रडरड करून आत्ता कुठे झोपलेत सगळे."