बॉयलरवरच्या गोदड्या

दामूअण्णा कुणाच्या घरी गेले की आधी उशी उचलून हुंगायचे. चहापाणी, ख्यालीखुशाली सगळं नंतर. हुंगून झालं की डोळे मिटून निकाल द्यायचे, "ओल शे!"

अण्णा मूळचे खानदेशातले. सुरतेत उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते आणि माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. आमच्या खोल्या अशा, की पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर तळवा ओला व्हायचा. चपलांवर हिरवी लव, कपाटातल्या साड्यांवर पांढरे ठिपके. आम्ही डांबराच्या गोळ्या टाकायचो, कडुनिंबाचा पाला घालायचो. अण्णांना ते बघवत नसे.

"गोयीनं बुरशी मरत नही. तिले साधी सर्दी बी होत नही."

त्यांच्याकडे इलाज एकच, बॉयलर. ड्यूटीला निघाले की सायकलच्या कॅरिअरवर कुणाची गोदडी, कुणाच्या उश्या, एकदा तर माझा लग्नातला कोटसुद्धा प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधलेला. बॉयलरखोलीत दोरीवर टांगायचं आणि सुटताना खुटखुटीत झालेलं परत आणायचं. मिलमधून कापड पळवणारे वॉचमनला ठाऊक होते, घरून कापड आणणारा हा पहिलाच.

"काका, आ शुं छे?" तो रोज विचारायचा.

"पेशंट शे," अण्णा सांगायचे.

एका वर्षी समोरच्या खोलीत विमल नावाची नवी सून आली. लग्नानंतर काही महिन्यांतच तिची आई गावाकडे वारली. आईनं जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली गोदडी विमलनं ट्रंकेत जपून ठेवली होती. श्रावणात उघडून बघते तर काळे डाग. सासूनं लगेच अण्णांना हाक मारली.

अण्णांनी हात पुढे केला. विमलनं गोदडी छातीशी घट्ट धरली.

"नाही द्यायची. बॉयलरवर आईचा वास जाईल."

"पोरी, हाऊ वास बुरशीना शे."

"त्याच्या खाली तिचा आहे."

आता अण्णा भाषण ठोकणार, म्हणून आम्ही सगळे दारात जमलो. पण वाकून त्यांनी गोदडी हुंगली. बराच वेळ हुंगली. मग म्हणाले, "रविवारी ओट्यावर आण."

रविवारी उघडीप होती. अण्णांनी नाकाला रुमाल बांधला, आपल्या खोलीतला टेबलफॅन ओट्यावर आणला आणि मऊ ब्रशनं एकेक डाग झटकू लागले. मग लिंबूमिठाचा ओलसर फडका, तोही फक्त डागांपुरता. आतल्या बाजूचा एक पट्टा स्वच्छ होता, तिथं त्यांनी बोटसुद्धा लागू दिलं नाही. जेवायलाही उठले नाहीत.

संध्याकाळी विमलनं त्या पट्ट्यात तोंड खुपसलं. खूप वेळानं म्हणाली, "आहे."

ती आत गेल्यावर मी चेष्टेनं म्हटलं, "अण्णा, बॉयलरशिवाय जमतं की तुम्हाला!"

त्यांनी फडका पिळला, झटकून दोरीवर टाकला.

"मन्ही माय गेली तवा तिचं लुगडं मी बॉयलरवर नेलं होतं," ते म्हणाले. "चांगलं सुकलं. कसलाच वास राहिला नही."