भुजंगराव आणि नायबसाबांचा पट्टा

आमच्या शेजारचे भुजंगराव काही दिवस रोज सकाळी सात वाजता अंगणात उभे राहून भुंकत असत. हे मी गमतीनं म्हणत नाही. पन्नाशीचा माणूस, अंगात कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, कपाळावर अष्टगंध, गळ्यात चामड्याचा पट्टा, आणि तोंडानं 'भो'. भुंकून झालं की एक क्षण शांतता, मग जागच्या जागी टुणकन उडी. उडीनंतर ते समाधानानं मान हलवत आणि पुन्हा भुंकत. आमच्याकडे मुक्कामाला पाहुणे आले की बायको त्यांना रात्रीच सांगून ठेवायची, सकाळी शेजारून आवाज येईल, घाबरू नका, माणूस फार चांगला आहे.

आणि माणूस खरंच चांगला होता. येलदरीच्या धरणाखाली पॉवर हाऊसची कॉलनी होती. मी तिथल्या शाळेत मास्तर, आणि भुजंगराव मीटर दुरुस्तीच्या खोलीत. बिघडलेली कुठलीही वस्तू त्यांच्यापुढे ठेवा, ते तिच्याकडे आजारी लेकराकडे बघावं तसे बघत. कॉलनीतले सगळे रेडिओ, पंखे आणि इस्त्र्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. दुरुस्त झालेली वस्तू मात्र ते लगेच परत देत नसत. "टेस्टिंग बाकी हाय," म्हणत आणि आठ दिवस ठेवून घेत.

हे टेस्टिंग त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. नव्या चपला ते आधी तीन दिवस घरातल्या घरात घालून फिरत. बायकोनं एकदा त्यांना आंब्याचं लोणचं दिलं. त्यांनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बरं लागायलंय. पण टेस्टिंग बाकी हाय." दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी परत करताना एवढंच म्हणाले, "पास."

या टेस्टिंगपायीच त्यांचा संसारही हुकला होता. ऐन पंचविशीत सेलूला मुलगी बघायला गेले होते. मुलगी आवडली होती, घर आवडलं होतं, पोहेसुद्धा आवडले होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मग काय ठरलं? भुजंगरावांनी सवयीनं उत्तर दिलं. पुढच्या गाडीनं ते घरी परतले. ही हकीकत ते स्वतःच सांगत आणि सांगताना इतके हसत की ऐकणाऱ्यालाही हसावंच लागे. त्यानंतर त्यांनी कुठं स्थळ बघितलं नाही. का, ते आम्हीही कधी विचारलं नाही.

तर अशा या माणसाच्या घरात नायबसाब आले. भुजंगराव कसलासा दाखला काढायला एका कचेरीत गेले होते. तिथं नायब तहसीलदारांच्या खुर्चीखाली एक तांबडं पिल्लू झोपलेलं. भुजंगराव त्याला पिशवीत घालून एसटीनं घेऊन आले. कचेरीतला जीव म्हणून नाव नायब ठेवलं, आणि हुद्द्याचा मान म्हणून त्याला अहोजाहो करायला लागले. "नायबसाब, बसा. भाकर खाऊन घ्या. चिखलात कशाला गेलाव?" पिल्लू वर्षभरात चांगलं दांडगं झालं, पण मान तोच राहिला.

नायबसाबांचं सगळं चांगलं होतं, एक सोडून. सकाळी आठला भुजंगराव ड्यूटीवर निघाले की ते भुंकायला सुरुवात करत आणि संध्याकाळी सहापर्यंत भुंकत. मधे फक्त पाणी प्यायला थांबत.

पलीकडच्या क्वार्टरमध्ये सय्यदभाई राहायचे. ते ऑपरेटर, कायम रात्रपाळीला. दिवसा झोपणं हा त्यांचा हक्क होता आणि नायबसाब तो बजावू देत नव्हते. सय्यदभाई मोठे सभ्य. पहिला महिना काही बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात कानात कापूस घालून झोपले. तिसऱ्या महिन्यात मशीनसमोर उभ्या उभ्या त्यांना डुलकी लागली आणि मग मात्र तक्रार गेली. कॉलनीचे सुपरवायझर येऊन सांगून गेले, पंधरा दिवसांत कुत्रं गप्प झालं पाहिजे, नाहीतर ट्रकमध्ये घालून धरणाच्या पार पलीकडे सोडून येऊ.

त्या संध्याकाळी भुजंगराव माझ्याकडे आले ते हातात एक जुनं इंग्रजी मासिक घेऊन. कुणा इंजिनिअरनं टाकून दिलेलं. त्यात एका झुबकेदार कुत्र्याचा फोटो होता आणि कुत्र्याच्या गळ्यात डबी लावलेला पट्टा. "मास्तर, हे काय लिहिलंय वाचून दाखवा," म्हणाले. मी वाचून दाखवलं. कुत्रा भुंकला की त्याच्या गळ्याच्या थरथरीनं डबीतलं यंत्र चालू होतं आणि त्याला विजेचा हलकासा झटका बसतो. चारदोन दिवसांत कुत्रा शहाणा होतो. हे सगळं मी सोप्या मराठीत, हौसेनं समजावून सांगितलं. पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे तो असा.

विलायती पट्टा येलदरीत कुठून मिळणार? भुजंगरावांनी तो घरीच करायला घेतला. टेलिफोनच्या जुन्या रिसिव्हरमधला माइक, रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर, एक इवलीशी कॉइल आणि बॅटरीचे सेल. हे सगळं तपकिरीच्या डबीत बसवलं आणि डबी चामड्याच्या पट्ट्याला शिवली. मी म्हटलं, आता घाला नायबसाबांच्या गळ्यात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही पापच बोललो.

"मुक्या जनावरावर टेस्टिंग करायचं न्हाई, मास्तर. आधी आपल्या गळ्यात."

म्हणून ते भुंकणं. सुरुवातीला झटका फार जोरात बसायचा, तो त्यांनी रोज थोडाथोडा कमी केला. मग खोकल्यावरही झटका बसायला लागला, म्हणून माइक बदलला. लहान भुंकणं, मोठं भुंकणं, गुरगुरणं, सगळ्याचं वेगवेगळं टेस्टिंग झालं. अडलं ते केकाटण्यापाशी. ते त्यांना जमेना. शेवटी आमच्या अंगणात येऊन त्यांनी माझ्या बायकोला करून दाखवलं आणि बरोबर येतंय का विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं की नायबसाब शेवटी जरा लांबवतात. त्यांनी लांबवून दाखवलं आणि उडी मारली.

सय्यदभाई एका सकाळी ड्यूटीवरून येऊन अंथरुणाला पाठ टेकवतात तोच हे सुरू झालं. ते लुंगीवर बाहेर आले आणि मला काकुळतीनं म्हणाले, "मास्टरसाब, पहले एक था. अब दो हो गए."

पण कळस झाला तो मोठे साहेब कॉलनी बघायला आले त्या दिवशी. सुपरवायझर त्यांना घेऊन आमच्या ओळीत आले. भुजंगराव अंगणात होते, आणि पट्टा गळ्यात आहे हे विसरले होते. साहेबांना बघून त्यांनी खणखणीत आवाजात नमस्कार घातला. पट्ट्यानं आपलं काम केलं. हात जोडलेले भुजंगराव हवेत उडाले आणि खाली आले. साहेब दचकले. त्यांनी विचारलं, काय होतंय तुम्हाला? भुजंगराव म्हणाले, "काही न्हाई साहेब," आणि पुन्हा उडाले. साहेब जसजसे काळजीनं विचारत तसतसे हे उत्तर देत, आणि दर उत्तराला उडत. सुपरवायझरचा चेहरा पांढरा पडला होता. शेवटी मी मधे पडून सांगितलं की यांचा साहेब लोकांबद्दलचा आदर फार मोठा आहे. साहेब गंभीरपणे मान हलवून पुढच्या क्वार्टरकडे गेले, पण वळून दोनदा मागं बघितलंच.

बाराव्या दिवशी पट्टा पास झाला आणि नायबसाबांच्या गळ्यात गेला.

मी शाळेतून सुट्टी काढून बघायला थांबलो होतो. भुजंगराव सायकलवरून गेले. नायबसाब तोंड वर करून एकदा भुंकले. मग ते एकदम दचकले, गोल फिरले, मागं कोण आहे ते बघितलं. कोणी नव्हतं. पुन्हा भुंकले. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसापासून आमची ओळ अशी शांत झाली की चिमण्यांचा आवाज ऐकू यायला लागला. सय्यदभाई सलग नऊ तास झोपले आणि उठल्यावर त्यांनी नायबसाबांसाठी मटणाची हाडं पाठवली.

भुजंगरावांचं नाव झालं. लोक पट्ट्यासाठी घरी यायला लागले. एकाला घोरणाऱ्या मेव्हण्यासाठी हवा होता. आमच्या हेडमास्तरांनी चाचपून विचारलं की सातवीच्या वर्गासाठी एकदम चाळीस नग जमतील का. एक म्हातारी तर सुनेच्या गळ्याचं माप दोऱ्यावर घेऊनच आली होती. भुजंगराव सगळ्यांना लाजून नाही म्हणत, पण चेहऱ्यावर जरा तेज आलं होतं.

पंधरावीस दिवस असेच गेले असतील. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. भुजंगरावांच्या सायकलची घंटी वळणावर वाजली. पूर्वी ती घंटी ऐकली की नायबसाब अख्खी कॉलनी डोक्यावर घेत. दिवसभराचं भुंकणं वेगळं आणि हे वेगळं, त्यात नुसता आनंद असायचा. त्या दिवशी ते उठले, शेपटी हलली, तोंडही उघडलं. पण आवाज आला नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि मागं मागं सरकत भिंतीला टेकून बसले.

भुजंगराव फाटकात उभे राहिले. मग सायकल तशीच खाली टाकून आत गेले आणि पट्टा काढला. नायबसाबांनी हात चाटला, पण गळ्यातून काही निघेना. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. नोकरीत ज्यांनी कधी रजा घेतली नव्हती त्या भुजंगरावांनी आठ दिवसांची रजा टाकली आणि घरी बसले. पट्टा खोलून त्यातला माइक वेगळा केला, कॉइल वेगळी केली, चामडं चुलीत घातलं.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, भुजंगराव, झटका तर तुम्ही स्वतः इतके दिवस सोसून बघितला. किती हलका होता तुम्हाला माहीत आहे. मनाला कशाला लावून घेता?

ते कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले,

"मास्तर, झटका मी बघितला. पण तो कशाचा हाय ते मला ठाऊक होतं. याला ठाऊक न्हवतं. ह्यो दिवसभर मला हाका मारायलाय, आन् हाक मारली की कुणीतरी मारायलंय, एवढंच त्याला कळलं. त्याचं टेस्टिंग मी केलंच न्हाई."

भिंतीपलीकडे आपल्या ओसरीत बसलेले सय्यदभाई हे ऐकत होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. रजा संपली त्या सकाळी ते रात्रपाळी करून आले ते थेट भुजंगरावांच्या दारात. म्हणाले, "इसकू दिन में मेरे पास छोडो. अकेला है इसलिए चिल्लाता था. मैं भी तो अकेलाच सोता हूँ." त्यांची बायको-पोरं परभणीला असत, तेही आमच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. नायबसाब त्यांच्या बाजेखाली पसरले. बाजेवर एक आणि बाजेखाली एक, दोघंही दुपारी चारपर्यंत घोरत.

भुंकण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि भुंकणं परत येईल अशी आशाही उरली नव्हती. एका संध्याकाळी वळणावर घंटी वाजली. सय्यदभाईंच्या ओसरीतून आधी एक फुटका, खरखरीत आवाज आला. मग दुसरा. मग नायबसाब ओसरीवरून उडी टाकून फाटकाशी आले आणि त्यांनी असा काही धिंगाणा घातला की बायको हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. सय्यदभाई डोळे चोळत दारात उभे होते आणि हसत होते. कोणी कोणाला गप्प बस म्हटलं नाही.

पुढं माझी बदली गंगाखेडला झाली. त्याआधी वर्षभर मी रोज एक गोष्ट बघत असे. वळणावर घंटी वाजवली की भुजंगराव सायकलवरून खाली उतरत. तिथून घर शंभर पावलं. सायकलवर बसून आले असते तर अर्ध्या मिनिटात पोहोचले असते. पण ते सायकल हातात धरून, अगदी सावकाश चालत येत, आणि ते फाटकाशी पोहोचेपर्यंत नायबसाब भुंकत राहत.