चौदावा फॉर्मा

पुस्तक शिवायचं, वाचायचं नाही, असं वडिलांनी बाइंडरला बजावलं होतं. यातलं अर्धं त्याने आयुष्यभर पाळलं. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. लायब्ररीची फाटकी पुस्तकं बांधायला येत, आणि खळ वाळेपर्यंत नुसतं बसून काय करायचं, म्हणून तो वाचे.

एकदा एका जाडजूड कादंबरीच्या चौदाव्या फॉर्म्यात कथेतली धाकटी बहीण वारली. फॉर्मा म्हणजे एकत्र शिवायची सोळा पानं. ती वाचून गडी हमसून हमसून रडायला लागला. बायको ओल्या हातांनी धावत बाहेर आली.

"कोण गेलं?"

"धाकटी."

"कुणाची?"

"कादंबरीतली."

"मग हात धुवा आणि जेवायला चला," म्हणून ती आत गेली.

बाइंडरला मात्र त्या पानांत सुई घालवेना. लोक मुद्दाम रडायला कशाला वाचत असतील, हे कोडं काही सुटेना. शेवटी त्याने चौदावा फॉर्मा खणात टाकला आणि तेराव्याला पंधरावा जोडला. पानांचे आकडे बघायला कुणाला फुरसत आहे! उलट वाचणारे दुवाच देतील, अशी त्याने मनाची समजूत घातली.

दोन महिन्यांत पुस्तक पुन्हा खिळखिळं झालं. ग्रंथपाल बाई ते दाखवायला स्वतः आल्या. पूर्वी लोक हे अर्ध्यातच परत करायचे, आता नंबर लावतात, म्हणाल्या. आजारी धाकटी मध्येच नाहीशी होते, ती गेली कुठे, यावरून वाचकमंडळात जुंपली होती. निवृत्त मास्तरांच्या मते ती पळून गेली, डॉक्टरांच्या मते परदेशी. दोघांची बोलचाल बंद. म्हणून रविवारी खुद्द लेखिकेलाच बोलावलं होतं. तेव्हा पुस्तक लागणार, सोमवारी शिवा, म्हणत बाईंनी ते पुन्हा काखेत मारलं.

"तुम्हीही या. वीस वर्षं डोळे झाकून पुस्तकं देतेय तुम्हाला."

वीस वर्षांचा विश्वास सोळा पानांपायी जाणार होता.

रविवारी फॉर्मा पिशवीत घालून तो मागच्या खुर्चीवर बसला. मास्तरांनी पहिलाच प्रश्न टाकला, धाकटी कुठे गेली? लेखिका चक्रावल्या. त्यांनी प्रत मागून घेतली, पानं उलटली. दोनशे आठ. त्यापुढे दोनशे पंचवीस. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

बाइंडर उभा राहिला. "ती माझ्याकडे आहे," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगून टाकलं आणि फॉर्मा लेखिकेपुढे ठेवला. त्या रागावल्या नाहीत.

"हा भाग मीही तीन वर्षं खणात ठेवला होता," त्या म्हणाल्या. "बहीण माझीच. घरात तिचं नाव काढायची चोरी होती. हे छापून आलं, तेव्हा कुठे आम्ही सगळे एकत्र बसून रडलो."

त्यांनी ती सोळा पानं वाचून दाखवली. मास्तर आणि डॉक्टर एकाच रुमालावर आले.

निघताना ग्रंथपाल बाईंनी पुस्तक बाइंडरच्या हातात कोंबलं. "उद्या शिवून द्या. पानं मोजून घेईन मी." म्हणजे काम हातचं गेलं नव्हतं.

सोमवारी चौदावा फॉर्मा जागेवर शिवून तो पुठ्ठा आणायला गेला. परत येतो तर आतून हुंदके. बायको पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती.

"कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं.

"धाकटी."

कुणाची, ते त्याने विचारलं नाही. जेवायचा विषयही काढला नाही. तिच्या शेजारी बसत म्हणाला, "मोठ्याने वाच."